आजी, नातवंडं आणि द्रवरूप नायट्रोजन: विद्यापीठात विज्ञान महोत्सव कसा भरवावा

फेब्रुवारी उजाडला की विद्यापीठांत विज्ञान दिनाची परिपत्रकं फिरू लागतात. २८ तारखेला दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, पोस्टर स्पर्धा, बक्षिसं, चहा-बिस्किटं. सभागृहात बसलेले सगळे आपलेच विद्यार्थी, तेही हजेरीच्या धाकाने. फाटकासमोर वीस वर्षं चहाची टपरी चालवणाऱ्याला आत काही चाललं होतं याचा पत्ताही नसतो.

हा लेख फाटक उघडं ठेवून करायच्या कार्यक्रमाविषयी आहे. रविवारी सकाळी आई-वडील, आजी-आजोबा, कडेवरचं मूल असं सगळं बिऱ्हाड विद्यापीठात येतं, प्रयोगशाळांत शिरतं, वस्तूंना हात लावतं, मनात येईल ते विचारतं आणि अंधार पडल्यावर दुर्बिणीतून गुरू बघून घरी जातं. एखाद्या विद्यापीठाने किंवा मोठ्या महाविद्यालयाने हे पहिल्यांदाच करायचं ठरवलं तर कुठून सुरुवात करावी, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. माझी एक ठाम समजूत यात सगळीकडे डोकावेल: येणारा माणूस रिकाम्या डोक्याने येत नाही. त्याच्याकडे स्वयंपाकघराचं, शेताचं, कारखान्याचं ज्ञान असतं. त्याला ते वापरायला मिळालं तर तो दिवसभर रमतो, नाहीतर अर्ध्या तासात वडापाव खाऊन परत जातो.

आधी दुसऱ्यांचं बघून या

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. १९८८मध्ये स्थापन झालेली ही संस्था विज्ञान दिनाच्या निमित्ताने सर्वसामान्यांसाठी दारं उघडते. नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि बाकीच्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. तिथे विज्ञान दिनाला शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगांचं प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या गावांतून लोक येतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ‘ओपन डे’ याहून मोठ्या पसाऱ्याचा. हे सगळं साधारण एकाच सुमारास असतं, म्हणजे ज्या वर्षी तुमचा महोत्सव त्या वर्षी बघणं जमणार नाही. आदल्या वर्षी चार-पाच जणांना पाठवा. त्यांत एक प्राध्यापक, एक प्रयोगशाळा सहायक आणि सुरक्षा विभागातलं एक माणूस असावं.

तिथे जाऊन नुसते प्रयोग बघू नका. रांग कुठे तुंबते, म्हातारी माणसं कुठे टेकतात, कोणत्या टेबलावरून मुलं हलत नाहीत, कोणत्या टेबलामागचा स्वयंसेवक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय, हे टिपून आणा. प्रयोग पुस्तकांतही सापडतात.

तारीख: पंचांग, बोर्डाचं वेळापत्रक आणि आकाश

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम शोधला, १९३०मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि १९८७पासून ही तारीख राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरी होते. पण तारखेचा हट्ट धरू नका. २८ फेब्रुवारी बुधवारी आली तर कुटुंबं येणार नाहीत, त्यामुळे लगतचा रविवार घ्या.

२०२७मध्ये मात्र योग चांगला आहे. २८ फेब्रुवारी रविवारी येते, आणि आदल्या दिवशी शनिवारी मराठी भाषा गौरव दिन. शनिवार शाळांना द्या, रविवार कुटुंबांना. शाळेची सहल आणि कुटुंब एकाच वेळी आलं तर कुटुंबाला कोपऱ्यात उभं राहावं लागतं. साठ मुलं शिक्षकाच्या शिट्टीवर हलतात, आजी तशी हलत नाही.

अडचण परीक्षांची. याच दिवसांत बारावीची परीक्षा चालू असते आणि दहावीची सुरू होत असते. ज्या घरात दहावी-बारावीचं मूल आहे ते घर येणार नाही हे गृहीत धरा. तुमच्या आवारात परीक्षा केंद्र असेल तर शनिवारी पेपर आहे का ते आधी तपासा. पेपर सुरू असताना माईक लावला तर तक्रार होईल आणि ती रास्त असेल.

आता आकाश. संध्याकाळचं आकाशदर्शन ठेवायचं तर चंद्र कुठे आहे ते पाहून तारीख ठरवावी. दुर्बिणीतून चंद्र सर्वांत देखणा दिसतो तो शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, कारण उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेचा चंद्र सपाट आणि डोळे दिपवणारा. २०२७च्या २८ फेब्रुवारीला वद्य अष्टमीच्या आसपासचा चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नाही, म्हणजे तो नाही. पण गुरू आणि मंगळ दोघंही त्याच महिन्यात प्रतियुतीला, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर समोर, आलेले असतील आणि त्या संध्याकाळी पूर्वेला सिंह राशीत एकमेकांजवळ दिसतील. साडेसातपर्यंत ते छतांच्या वर येतात. गुरूचे चार मोठे चंद्र साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. मंगळ मात्र लहानशी तांबूस टिकली दिसेल, ते लोकांना आधीच सांगा. भोवती मृग, व्याध, कृत्तिका आहेतच, आणि मृगातला तेजोमेघ डोक्याजवळ असेल.

परवानग्या आणि पैसा

कुलगुरूंची लेखी संमती सर्वांत आधी, तीही ‘आवार सकाळी १० ते रात्री ९ सर्वांसाठी खुलं’ अशा स्वच्छ शब्दांत. तोंडी होकारावर काम करू नये. आयत्या वेळी सुरक्षा अधिकारी ‘ओळखपत्र दाखवा’ म्हणून लोकांना परत पाठवतात. मग कुलसचिव, वित्त विभाग, विभागप्रमुख. स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र द्या, ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या, जवळच्या रुग्णालयाकडे एक रुग्णवाहिका दिवसभर मागा आणि प्रत्येक इमारतीतल्या अग्निशामक नळकांड्यांवरची मुदत वाचा. ती बरेचदा उलटलेली असते.

पैसा वाटतो तेवढा लागत नाही. मोठा खर्च मांडव, पिण्याचं पाणी, स्वयंसेवकांचं जेवण आणि छपाई एवढाच. उपकरणं आपलीच आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद विज्ञान दिनाच्या कार्यक्रमांना पाठबळ देते, तिथे वेळेत अर्ज करता येतो. प्रायोजक घ्यायचे तर एक अट आधीच घाला: टेबलावर जाहिरात नाही. खासगी क्लासवाला पैसे देतो आणि मग फाटकावर पत्रकं वाटणारी दहा पोरं उभी करतो, हा अनुभव सगळीकडचा आहे.

माणसांच्या मदतीसाठी बाहेर बघा. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून काम करते आणि तिचे विभाग राज्यभर आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची. हौशी आकाशनिरीक्षकांच्या अशा मंडळांकडे दुर्बिणी असतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्री रांगेतल्या दोनशेव्या माणसाशीही उत्साहाने बोलणारी माणसं असतात.

काय मांडायचं: पोस्टर बंद

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. प्रत्येक विभागाला दोनच मांडण्या द्या आणि एक कसोटी लावा: टेबलाशी आलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात हाताने काहीतरी करता आलं पाहिजे. ज्याला नुसतं वाचायचं किंवा ऐकायचं आहे ते टेबल रद्द. या नियमावर विभागप्रमुख रागावतील, कारण संशोधनाची पोस्टरं तयार असतात आणि ती लावणं सोपं असतं. पण घामाघूम झालेल्या आईला इंग्रजी आलेख वाचायला लावणं हा उद्धटपणा आहे.

काही मांडण्या, ज्या आपल्याकडे हमखास चालतात:

*हळद.* रसायनशास्त्राचं हे टेबल फाटकाच्या सर्वांत जवळ ठेवा. सांगायला सुरुवात करू नका, विचारा: “आजी, पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला तर काय होतं?” आजी सांगतेच, लाल होतं. मग हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्टीवर नातवाला साबणाचं पाणी टाकू द्या, वर लिंबू पिळू द्या, लाल पुन्हा पिवळं होईल. हळदीतलं कर्क्युमिन आम्ल-अल्कलीनुसार रंग बदलतं. आता आजीलाच पुढचं विचारा, तो डाग जातो कसा? उन्हात वाळत घातला की फिका पडतो, हे तिला चांगलं ठाऊक असतं. कर्क्युमिनचं उन्हात विघटन होतं, हे तुमचा विद्यार्थी सांगेल. शेवटी अंधाऱ्या खोक्यात, स्पिरिटमध्ये ढवळलेली हळद अतिनील टॉर्चखाली धरा: हिरवट पिवळी झळाळते. एकाच टेबलावर तीन प्रयोग, खर्च नगण्य, आणि आजी शिकवणारी झालेली.

*स्ट्रॉबेरीतला डीएनए.* फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असते. आपण लावतो त्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे डीएनए भरपूर निघतो. झिपच्या पिशवीत दोन फळं हाताने कुस्करायची (हे काम चार वर्षांच्या मुलाचं), त्यात थोडं पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर भांडी घासायचा द्रव साबण, मग मलमलीतून गाळून परीक्षानळीत घ्यायचं आणि फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट नळीच्या कडेने हळूच ओतायचं. दोन थरांच्या मधे पांढरे धागे वर येतात. ते उलगडलेल्या एका रेणूचे नाहीत, असंख्य रेणूंचे गुंते आहेत आणि त्यात फळातलं पेक्टिनही मिसळलेलं असतं, हेही सांगा. आणखी एक: मुलं उरलेली स्ट्रॉबेरी खाणार. खायची टोपली प्रयोगशाळेबाहेर, वेगळी ठेवा.

*रामन वर्णपटमापक.* विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात रामन परिणाम सोडून सगळं असतं, याचं मला नवल वाटतं. पदार्थातून विखुरताना काही प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, तो हा परिणाम. विखुरलेल्या सुमारे एक कोटी प्रकाशकणांपैकी एखाद्याचाच रंग असा बदलतो, त्यामुळे हा परिणाम टेबलावर साध्या साहित्याने दाखवणं अवघड. पण हा रंगबदल मोजून आलेख काढणारा रामन वर्णपटमापक आता अनेक विद्यापीठांत असतो. दोन पांढऱ्या पुड्या ठेवा, एकीत पिठीसाखर, दुसरीत कुटलेली पॅरासिटामॉल. डोळ्यांना फरक कळत नाही, पडद्यावरचे आलेख मात्र साफ वेगळे. भेसळ, बनावट औषधं यांवर प्रश्न आपोआप सुरू होतात. नमुन्याचा कप्पा बंद असल्याशिवाय लेझर लागू नये.

*व्हॅन डी ग्राफ जनित्र.* स्थिर वीज साठवणाऱ्या या यंत्राच्या गोळ्याला हात लावला की केस उभे राहतात. फेब्रुवारीची हवा कोरडी असल्याने ते छान उभे राहतात, पावसाळ्यात हाच प्रयोग फसतो. छातीत पेसमेकर असलेल्यांनी लांब राहावं, अशी पाटी मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लावा.

*फुकोचा लंबक.* पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे डोळ्यांना दाखवणारा हा लंबक. तीन-चार मजली उंच जिना किंवा सभागृह असेल तर जरूर टांगा. पुण्याच्या अक्षांशावर लंबकाच्या झोक्याची दिशा पूर्ण फिरायला सुमारे ७५ तास लागतात, म्हणजे तासाला पावणेपाच अंश. खाली वर्तुळात लहान खुंट्या मांडल्या की दर काही मिनिटांनी एक पडते. नागपूरकरांनी २४ तासांना आपल्या अक्षांशाच्या ‘साइन’ने भागून आपला आकडा काढावा. आयुकात असा लंबक आहे, दोरीची वरची पकड कशी केली आहे ते तिथे बघून घ्या, सगळी मेख त्यात असते.

‘आणा आणि ओळखा’

एकच टेबल मांडायची ताकद असेल तर हे मांडा. जाहिरातीत लिहा: घरातला, शेतातला दगड, पान, बी, मेलेला किडा, सापाचा फोटो, काहीही आणा, आमचे शिक्षक ओळखून सांगतील. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि भूशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक इथे बसवा. इथे पदव्युत्तर विद्यार्थी पुरत नाहीत, खूप पाहिलेला डोळा लागतो.

दगड येतातच. विहीर खणताना निघालेले काचेसारखे, पिसाऱ्यासारखे पांढरे-गुलाबी स्फटिक लोक वर्षानुवर्षं फडताळात जपून ठेवतात. ‘हिरा आहे का’ हा पहिला प्रश्न असतो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातल्या पोकळ्यांत झिओलाइट गटातली खनिजं तयार होतात आणि महाराष्ट्रातले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. ‘हिरा नाही’ म्हणून दगड परत करू नका. त्या माणसाच्या घराखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा कसा पसरला आणि त्यात राहिलेल्या वायूच्या पोकळ्या नंतर खनिजांनी कशा भरल्या, ते सांगा. दगडावर नावाची चिठ्ठी चिकटवून द्या. माणूस दगड घेऊन दुप्पट आनंदाने परत जातो.

सापांचे फोटो मोबाइलमधून निघतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी, अशी चित्रं शेजारी ठेवा. मण्यार आणि कवड्या यांतला फरक समजून घेताना लोक अर्धा अर्धा तास उभे राहतात. चावल्यावर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सर्पदंशावरचं प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जा, एवढं तिथल्या तिथे बोलता येतं आणि ते ऐकलं जातं, कारण माणसाने स्वतः विचारलेलं असतं.

पाणाड्याचा प्रश्नही याच टेबलावर येईल: हातावरचा नारळ उभा राहतो ते खरं का? भूशास्त्राच्या शिक्षकाने हसू नये. बेसॉल्टमध्ये पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत असतं, बऱ्याच ठिकाणी खोल गेलं की थोडंफार लागतंच, म्हणून पाणाड्याचे लागलेले नेम लक्षात राहतात आणि कोरड्या बोअर विसरल्या जातात. हे नकाशा दाखवून सांगता येतं. ग्रहण, गरोदरपण, चिमण्या आणि मोबाइल टॉवर हेही येणार. तयारी ठेवा.

चमत्कारांचे प्रयोगही मांडता येतात आणि त्यांना गर्दी लोटते. नारळातून जाळ निघतो तो आत दडवलेल्या सोडियमवर पाणी पडल्याने. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते हे प्रयोग वर्षानुवर्षं गावोगाव दाखवत आले आहेत, त्यांनाच बोलवा. हौशी विद्यार्थ्याच्या हातात सोडियम देऊ नका.

गणित करा: किती माणसं, किती मिनिटं

उत्साहात हे राहून जातं. एका सूक्ष्मदर्शकाशी माणूस दोन मिनिटं घेतो. म्हणजे तासाला ३०, सहा तासांत १८०. तुमच्याकडे तीन हजार लोक आले तर एका सूक्ष्मदर्शकाचा उपयोग रांग लावण्यापुरता. दहा-बारा साधे सूक्ष्मदर्शक मांडा, किंवा एकाला कॅमेरा जोडून मोठ्या पडद्यावर डबक्याच्या पाण्यातले जीव दाखवा आणि कांद्याची साल स्वतः लावून बघायचं टेबल वेगळं ठेवा. दुर्बिणीला माणशी अर्धं मिनिट धरा: दोन तासांत २४०. चार दुर्बिणी असतील तर हजाराच्या आत-बाहेर. त्यापुढच्या लोकांसाठी मैदानात सतरंज्या टाका आणि नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं दाखवणारा एक चांगला बोलका माणूस उभा करा. आवारातले दिवे मालवायची परवानगी विद्युत विभागाकडून आधीच घ्यावी लागते, आणि वाटेवर पायाशी लाल कागद लावलेले टॉर्च हवेत.

आवाराची मांडणी

एकच दिशा ठेवा. वर्तुळाकार वाट, बाण जमिनीवर चुन्याने काढलेले. गर्दीत वर लावलेल्या पाट्या दिसत नाहीत. सगळं तळमजल्यावर. वरच्या मजल्यावरचं उपकरण हलत नसेल तर तिथला कॅमेरा खाली पडद्याशी जोडा, कारण गुडघे धरून जिने चढणाऱ्या माणसांना तुम्हीच बोलावलेलं आहे.

पाणी दर शंभर पावलांवर. विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारीअखेरीस दुपारचं ऊन चांगलंच चटकतं, तेव्हा रांगेवर कापडी छत टाका. स्वच्छतागृहांना दिवसभर माणूस नेमा आणि त्या मावशींचं नाव आभाराच्या यादीत घाला. हिरकणी कक्ष हवा, त्यात पंखा आणि आतून कडी हवी. व्हीलचेअर फाटकाशी ठेवा, कार्यालयात कुलूपबंद नको. मुलांच्या मनगटावर कागदी पट्टी बांधून तीवर पालकांचा मोबाइल नंबर लिहायचं टेबल प्रवेशद्वारातच. हरवलेलं मूल सापडण्याची जागा एकच असू द्या आणि तिथे एक शिक्षिका कायम बसवा.

स्वयंसेवक

प्रत्येक टेबलाला चार जण: दोघं बोलायला, एक रांगेला, एक विश्रांतीवर. दर दोन तासांनी पाळी बदला, नाहीतर चार वाजता घसा बसलेला, चेहरा आंबलेला विद्यार्थी पाहुण्यावर खेकसतो.

भाषेची तयारी महिनाभर आधी सुरू करा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आपला विषय मराठीत सांगता येत नाही, कारण तशी वेळच आलेली नसते. प्रत्येकाने आपली मांडणी आधी घरी, आई-वडिलांना फोनवर समजावून सांगावी. आईने मधेच “म्हणजे काय रे?” विचारलं, तिथे वाक्य बदलायचं. ‘इलेक्ट्रॉन’, ‘लेझर’, ‘प्रोटीन’ तसेच ठेवा, पण ‘फिनॉमेनन’, ‘बेसिकली’ काढून टाका. आणि तीन गोष्टी पाठ करून घ्या: आधी प्रश्न विचारायचा, उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, मूल चुकलं तर हसायचं नाही.

रंगीत तालीम आदल्या शुक्रवारी संध्याकाळी घ्या आणि तिचे प्रेक्षक म्हणून विद्यापीठाच्याच शिपाई, माळी, सुरक्षारक्षक, मेस आणि सफाई कामगारांना कुटुंबासह बोलवा. प्रयोगशाळेची फरशी रोज पुसणाऱ्या माणसाला त्या यंत्रात काय चालतं हे कोणी कधी सांगितलेलं नसतं. शिवाय उद्या-परवा फाटकावर आणि वाटांवर तीच माणसं उभी असणार आहेत. ज्याच्या मुलीने काल केस उभे करून घेतले, तो रक्षक लोकांना अडवत नाही, हात धरून आत नेतो.

सुरक्षितता

द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो आणि एका लिटरचा साधारण ७०० लिटर वायू होतो. म्हणून प्रयोग उघड्या व्हरांड्यात करा, बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडतो. नायट्रोजनचं भांडं लिफ्टने नेताना सोबत माणूस बसवू नका. घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये तो कधीच भरू नये. हाताळणाऱ्याला चष्मा, सैल जाड हातमोजे, बंद बूट. प्रेक्षक दोन मीटरवर दोरीच्या पलीकडे. झेंडूचं फूल बुडवून चुरा करणं, फुगा आक्रसून पुन्हा फुगणं एवढं पुरे. खायच्या पदार्थात टाकून दाखवायचा मोह टाळा, मुलं घरी जाऊन तेच मागतील.

सूर्यावरचे डाग दाखवायचे तर सूर्यप्रकाशाची गाळणी (सोलर फिल्टर) दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर हवी, डोळ्याकडच्या भिंगावर लावायची गाळणी तापून तडकते. छोट्या शोधक दुर्बिणीवर टोपी घाला. दुर्बिणीपाशी माणूस नाही असा एक क्षणही जाऊ देऊ नका. त्यापेक्षा पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रतिमा पाडणं बरं, दहा जण एकदम बघतात. तिथेही दुर्बिणीत डोकावायला कोणी जाणार नाही एवढं बघा. एक्स-रेची फिल्म, काजळी लावलेली काच चालत नाही, हेही तिथेच सांगून टाका.

बाजारातल्या हिरव्या लेझरची ताकद वेष्टनावर लिहिल्यापेक्षा जास्त असू शकते. लेझर टेबलाला पक्का बसवा, किरण खोक्याच्या आत संपू द्या आणि मुलांच्या हाती देऊ नका.

व्याख्यानं आणि आवतण

व्याख्यानं थोडी ठेवा. वीस मिनिटांचं एक, मराठीत, नंतर तितकाच वेळ प्रश्नांना. उद्घाटन समारंभ नको. अगदीच टळत नसेल तर तो शुक्रवारी तालमीच्या वेळी उरकावा. रविवारी दहा वाजता फाटक उघडलं की पहिलं कुटुंब थेट हळदीच्या टेबलाशी गेलं पाहिजे.

निमंत्रणपत्रिका छापू नका. मोबाइलवर पुढे पाठवता येईल असा साधा मजकूर लिहा:

“रविवार, २८ फेब्रुवारी, सकाळी १० ते रात्री ९. विद्यापीठाच्या प्रयोगशाळा सर्वांसाठी खुल्या. प्रवेश मोफत, नोंदणी नाही. लहान मुलं, आजी-आजोबा, सगळे या. वस्तूंना हात लावायला परवानगी आहे! घरातला अनोळखी दगड, पान, बी घेऊन या, ओळखून देऊ. सायंकाळी साडेसातपासून दुर्बिणीतून गुरू आणि मंगळ. पिण्याचं पाणी, हिरकणी कक्ष, व्हीलचेअर उपलब्ध. पाण्याची बाटली घरून आणा.”

‘नोंदणी नाही’ हे दोन शब्द वगळू नका. ऑनलाइन फॉर्म दिसला की हा कार्यक्रम आपल्यासाठी नाही असं अर्ध्या गावाला वाटतं. हा मजकूर शाळांच्या मुख्याध्यापकांना, अंगणवाडी सेविकांना, बचत गटांना, गृहनिर्माण सोसायट्यांना, रिक्षा थांब्यावर पाठवा. वर्तमानपत्राच्या स्थानिक पुरवणीत तीन ओळी आल्या तर उत्तम, पण खरी गर्दी अंगणवाडी ताई आणि रिक्षावाले आणतात.

त्या दिवशी आणि नंतर

सकाळी पहिले दोन तास ओस वाटेल, घाबरू नका. कुटुंबं अकरानंतर निघतात, एकला जेवायला जातात आणि चारनंतर खरा लोंढा येतो. त्यामुळे तुमचे सर्वांत चांगले बोलणारे स्वयंसेवक दुपारी चार ते सातच्या पाळीत ठेवा. संयोजकाने कोणत्याही टेबलाला बांधून न घेता दिवसभर फिरत राहावं आणि जिथे रांग तुंबली तिथला एक स्वयंसेवक टेबलापुढे आणून रांगेतच प्रश्न सुरू करायला लावावा.

बाहेर पडायच्या वाटेवर पोस्टकार्डांचं टेबल ठेवा. नारळीकरांकडे मुलं सही मागायला येत, तेव्हा सहीऐवजी ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. ही पद्धत उचलण्यासारखी आहे. मुलांनी स्वतःचा पत्ता आणि एक प्रश्न लिहून कार्ड पेटीत टाकायचं, विद्यापीठाने हाताने लिहिलेलं उत्तर पाठवायचं. कार्डं विभागवार वाटा आणि उत्तरांना महिन्याभराची मुदत घाला, नाहीतर ती पेटी कपाटावर जाते आणि मूल वर्षभर पोस्टमनची वाट बघत राहतं.

सोमवारी सकाळी उपकरणं मोजून परत, उरलेला रासायनिक कचरा प्रयोगशाळेच्या ठरलेल्या डब्यात, मांडववाल्याचा हिशेब. त्याच आठवड्यात स्वयंसेवकांना एकत्र बसवून फक्त एवढंच विचारा: लोकांनी काय विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही? ती यादी पुढच्या वर्षीच्या टेबलांची यादी असते. २०२८मध्ये २८ फेब्रुवारी सोमवारी येते आणि आदल्या रविवारी चंद्राची नुसती कोर असेल. ५ मार्चच्या रविवारी मात्र चंद्र अर्ध्याच्या थोडा पुढे गेलेला, संध्याकाळी डोक्यावर असेल. मी ती तारीख घेईन. मैदानाचं आरक्षण त्याच आठवड्यात करून टाका, मार्चमधले रविवार लग्नांसाठी लवकर जातात.